जेद्दाचे तिकीट आणि मुंबईचे दलाल

मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल स्ट्रीटवर आपली सर्वांत जुनी मशीद शाअर हारहमीम आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ती १७९६ साली बांधली. पलीकडच्या मस्जिद स्टेशनाला नाव पडले ते याच मशिदीवरून, असे आपले लोक आजही अभिमानाने सांगतात. या गल्ल्यांपासून गोदी काही पावलांवर. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाली तेव्हापासून हजच्या मोसमात हा सारा भाग यात्रेकरूंनी फुलून जाई. पंजाबी, बंगाली, हैदराबादी, अफगाण, थेट बुखाऱ्याकडून पायी आलेले, आणि त्यांच्यात आपल्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमानही. हे शेवटचे तर आपल्या वाडवडिलांचे गाववाले. रेवदंडा, मुरूड, पेण, महाड येथे एकाच पाणवठ्यावर पाणी भरलेले. गाठोडी, सुरया, पिठाच्या पिशव्या, आणि कमरेला बांधलेली आयुष्यभराची शिल्लक, असा तो थाट. या कमरेच्या शिल्लकेवर डोळा ठेवून स्टेशनापासून बंदरापर्यंत जी माणसे उभी असत, त्यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे. ही माणसे म्हणजे बोटीच्या तिकिटांचे दलाल.

हज हा मुसलमानांचा विषय, आपल्या मासिकात त्याचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. पण दुसऱ्यामार्फत माल विकणाऱ्याने आणि दुसऱ्याच्या शब्दावर माल घेणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न आपल्याही लोकांना फार जुना आहे. आपल्या धर्मशास्त्रात 'शलियाह' म्हणजे पाठवलेला माणूस हा पाठवणाऱ्याच्याच जागी मानला जातो. त्याने केलेला सौदा धन्याला बांधतो. मात्र पापाच्या कामाला शलियाह नाही, ते ज्याचे त्यानेच भोगावयाचे, असेही आपले आचार्य सांगून गेले. अरबीत अशा माणसाला 'वकील' म्हणतात. आपल्या मराठीतही पूर्वी वकील म्हणजे कोर्टात बोलणारा नव्हे, तर दरबारात धन्यातर्फे बोलणारा. शब्द सगळीकडे आहे, पंचाईतही सगळीकडे तीच.

तिचा एक जुना दाखला आपल्याच लोकांचा आहे, म्हणून तो आधी देतो. कैरोच्या जुन्या भागातील बेन एझरा मशिदीच्या गनिझात हजारो जुने कागद सापडले. त्यांत बाराव्या शतकात हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांची पत्रे आहेत. प्राध्यापक गोइटाइन यांनी त्यांच्या अभ्यासात जन्म घालविला. या पत्रांत आपल्या ठाण्याचेही नाव येते. ट्युनिशियातील महदियाचा अब्राहम बेन यिजू हा त्यांपैकीच एक व्यापारी. सुमारे १७ वर्षे तो मंगळूरकडे राहिला आणि मिरी, वेलची, लोखंड एडनला धाडीत असे. एडनच्या व्यापाऱ्यांनी वेलचीसाठी त्याच्यामार्फत तिकडच्या एका माणसाला आगाऊ रक्कम दिली होती. त्या माणसाला पत्रांत 'कारदार' म्हटले आहे. आपल्या कारभाऱ्याच्याच कुळातला हा शब्द दिसतो. कारदाराने पैसे घेतले, वेलची काही पाठविली नाही. बेन यिजू त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलून पाहत होता. तेव्हा एडनहून त्याला सल्ला आला तो असा, की त्याला धाक घाल. सांग, की जो आमचे देणे चुकवतो त्याची आम्ही एडनमध्ये जाहीर निर्भर्त्सना करतो. या बदनामीला तरी तो भिईल.

दोन हजार मैलांवरच्या माणसाला पकडायला शिपाई नाही, कोर्ट नाही. हातात उरते काय, तर बदनामी. पण बदनामीचा धाक कोणाला? ज्याला पुढच्या वर्षी याच लोकांशी धंदा करावयाचा आहे त्याला. एडनमध्ये सर्व व्यापाऱ्यांचा मिळून एक मुखत्यार असे. त्या काळी मदमून बेन हसन हा तेथे होता, आणि हिब्रूत त्याची पदवी 'पकीद' अशी होती. हो, तोच शब्द, जो आपण इस्राएलात आल्यापासून प्रत्येक कचेरीच्या खिडकीपाशी ऐकत आलो! फरक इतकाच, की मदमूनच्या पत्राची लोक वाट पाहत.

आता पुन्हा मांडवीकडे वळू. हजच्या यात्रेकरूची गोष्ट नेमकी उलटी होती. तो आयुष्यात एकदाच येणारा गिऱ्हाईक. त्याला फसवले तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती दलालाला नाही. तो परत आलाच तर आनंदात येतो आणि झाले गेले विसरतो. न आला तर त्याची तक्रार अरबस्तानच्या वाळूतच राहते.

दुसरी गोष्ट पंचांगाची. हजचे दिवस जिल्हज महिन्यात ठरलेले. ते चुकले तर तिकिटाची किंमत शून्य. आपण अधिक अदार धरून आपले सण ऋतूंशी जुळते ठेवतो, मुसलमानी वर्षात तसा अधिक महिना नाही. त्यामुळे हज दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत सरकत कधी थंडीत, कधी भर पावसाळ्यात येतो. म्हणजे विकणारा थांबू शकतो, घेणारा थांबू शकत नाही. या एका गोष्टीवर सारा दलालीचा धंदा उभा होता.

धंद्याची रीत अशी. कोणी व्यापारी मोसमापुरती आगबोट भाड्याने घेई, आणि माणशी इतकी दलाली ठरवून दलाल सोडी. बोट अमुक तारखेला सुटणार असे सांगून तिकिटे विकली जात. तारीख येई आणि जाई, बोट काही हलत नसे, कारण ती अजून भरलेली नसे. यात्रेकरू मुसाफिरखान्यात नाहीतर रस्त्यावर पडून शिल्लक खात बसे. एकाच बोटीचे भाडे सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि शेजारच्या बिऱ्हाडात तिसरेच. कधी दुसऱ्या बोटीच्या दलालाशी चढाओढ लागली की भाडे एकदम कोसळे, आणि ज्याने आठ दिवसांपूर्वी घाईने तिकीट घेतले तो कपाळाला हात लावी. ज्यांची शिल्लक मुंबईतच संपली ते घरी परतत. त्यांना लोक 'मुंबईचा हाजी' म्हणू लागले. थट्टेचे नाव आहे खरे, पण ज्याने जमीन विकून वाट धरली त्याला गावात हे नाव घेऊन शिरणे काय वाटले असेल!

त्यातही सर्वांत घातक माल म्हणजे स्वस्तातले एकेरी तिकीट. जाण्याचे तेवढे द्या, येण्याचे अल्ला बघेल. दलालाला दलाली जाण्याचीच मिळे, त्यामुळे परतीची त्याला फिकीर नव्हती. परिणाम जेद्दाच्या किनाऱ्यावर दिसे. शेकडो कफल्लक माणसे तेथे बोटीच्या आशेवर पडून राहत. जेद्दाच्या बाजूलाही परतीच्या तिकिटांचे दलाल होतेच. ते मक्केच्या शरीफाच्या आणि तिथल्या बड्या व्यापाऱ्यांच्या हातातले. हिंदुस्थान सरकारने डॉ. अब्दुर रज्जाक या आपल्या एका मुसलमान डॉक्टरला १८७८ साली यात्रेकरूंबरोबर पाठवले, आणि पुढे १८८२ साली त्यांना जेद्दात उपवकिलातीवर नेमले. यात्रेकरूंचे हाल त्यांनी वर्षानुवर्षे सरकारला लिहून कळवले. १८९५ साली जेद्दाच्या तटाबाहेर बदाऊंच्या हल्ल्यात ते मारले गेले.

एकेरी तिकीट घेणारे सारे मूर्ख होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ म्हातारे तेथे मरण यावे म्हणूनच निघत. ज्यांच्या कबरीत पवित्र भूमीची चिमूटभर माती पडावी म्हणून आपले आजे जपून ठेवीत, त्यांना ही इच्छा समजावून सांगावी लागू नये. पण मरायला गेलेल्या म्हाताऱ्याबरोबर जगायची इच्छा असलेली बायको आणि नातूही असे.

१८८० सालच्या ऑगस्टात तर एक प्रकार असा घडला की जगभर बोभाटा झाला. सिंगापूर-पेनांगहून जेद्दाला निघालेली आगबोट, नावही 'जेद्दा'च, नऊशेहून अधिक यात्रेकरू पोटात घेऊन एडनच्या अलीकडे तुफानात सापडली. कप्तान आणि गोरे अधिकारी रात्री होडीत बसून निघून गेले आणि एडनला पोहोचल्यावर बोट बुडाली असे सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी तीच बोट, माणसांसकट, दुसऱ्या आगबोटीने ओढीत एडनच्या बंदरात आणून सोडली! जोसेफ कॉनरॅडने पुढे यावरून 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली. एडनला पलटणीच्या वा कचेरीच्या नोकरीवर आपल्या समाजातले पुष्कळ लोक राहून आले आहेत, त्यांच्या घरांत ही हकीकत कदाचित कानावरून गेली असेल.

सरकारची अडचण वेगळी होती. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यापासून कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही हे धोरण. परतीचे तिकीट सक्तीचे करावे तर गरिबाला हज बंद केला असा ओरडा होणार. न करावे तर जेद्दात पडलेल्यांना परत आणण्याचा खर्च अंगावर. त्यात पटकीचे भय. १८६५ साली मक्केत उसळलेली पटकी युरोपपर्यंत पोहोचली होती, तेव्हापासून युरोपातली राज्ये हिंदुस्थानच्या यात्रेकरूंवर डोळे वटारून होती, आणि १८८२ पासून लाल समुद्राच्या तोंडाशी कमरान बेटावर क्वारंटीन सुरू झाले. मुंबईत यात्रेकरूंसाठी एक संरक्षक नेमला, दलालांना परवाना सक्तीचा केला, बोटीत माणशी जागा किती याचे कायदे केले. पण परवाना असलेला दलालही दलालच राहिला. बिल्ला छातीवर, जीभ तीच.

मग सरकारला एक नामी युक्ती सुचली. थॉमस कुक आणि सन! गोऱ्या साहेबांना नाईल नदीवर आणि जेरुसलेमला फिरवून आणणारी ही कंपनी. हीच आता गरीब मुसलमानांना मक्केला नेईल. १८८६ साली कुकची नेमणूक झाली. थॉमस कुकचा मुलगा जॉन मेसन कुक तेव्हा धंदा पाहत होता, त्याने आपला मुलगा फ्रँक याला या कामावर घातले. कल्पना सुरेख होती: छापील भाडे, ते सर्वांना एकच, रेल्वेचे आणि बोटीचे जोडतिकीट, म्हणजे मुंबईत उतरल्यावर कोणाशी घासाघीस नको, तिकीट यात्रेकरूच्या प्रांतातच मिळावे, आणि जेद्दाला कंपनीचा माणूस हजर. थोडक्यात, स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या दलालापर्यंत गिऱ्हाईक पोहोचूच द्यावयाचे नाही.

पण झाले काय? बोटी कुकच्या नव्हत्या, तो दुसऱ्यांच्या बोटींच्या जागा विकणार. म्हणजे तोही एक परीने दलालच, फक्त मोठा आणि इभ्रतदार. कुकचे भाडे छापलेले, तेव्हा दलालांनी दोन पैसे कमी सांगावयाचे आणि पुढे वाटेत काढून घ्यावयाचे, एवढे सोपे होते. वाचता न येणाऱ्या माणसाला छापील कागदापेक्षा आपल्या बोलीत बोलणारा, सलाम करणारा, मुसाफिरखान्यात जागा मिळवून देणारा माणूस जवळचा वाटतो. दलाल लबाड असेल, पण तो तेथे हजर होता, आणि कुकसाहेब खिडकीआड. हे कित्येकदा विसरले जाते. परतीची बाजू तर जेद्दाच्या मक्तेदारांच्या मुठीत. तेथे लंडनच्या कंपनीचे काय चालणार? बहुसंख्य यात्रेकरू जुन्याच वाटेने जात राहिले. तोटा भरून देण्याची हमी सरकारने घेतली होती, पुढे ती चालू ठेवण्याची सरकारची तयारी राहिली नाही, आणि १८९३ साली कुकने हे काम सोडले.

कुक हरला म्हणून त्याची युक्ती चुकीची होती असे नाही. एक एक करून त्याचेच कलम पुढच्या कायद्यांत आले, फक्त उशिरा. मध्ये १८९७ साली प्लेगमुळे मुंबईहून हजच बंद ठेवावा लागला. बोटींचा धंदा हळूहळू मोगल लाइनच्या हातात एकवटला. चढाओढ संपल्याने दलालांचा जोर ओसरला, पण भाडे ठरवणारा एकच उरला. एका दुखण्यावर दुसरे. परतीच्या तिकिटाचा घोळ तर आणखी तीस वर्षे चालला. १९२५ साली कायदा झाला, की यात्रेकरूने एकतर परतीचे तिकीट घ्यावे, नाहीतर परतीपुरती रक्कम निघण्यापूर्वी अनामत ठेवावी. ज्या धर्मस्वातंत्र्याच्या नावाने हे इतकी वर्षे टाळले होते, त्याला या कायद्याने काही धक्का बसला नाही. त्या तीस वर्षांत जे जेद्दात राहिले ते राहिले. पुढे १९३२ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांना हज कमिट्या मिळाल्या. त्यांत यात्रेकरूंच्याच समाजाची माणसे आली. एडनच्या पकीदाची आठवण आम्हांला होते ती येथे.

समुद्रापलीकडेही राज्य पालटले होते. १९२५ च्या डिसेंबरात जेद्दा इब्न सौदच्या हाती आले, आणि १९३२ साली त्या देशाचे नाव सौदी अरेबिया झाले. यात्रेकरूंची व्यवस्था लावणारे 'मुतव्विफ' आणि जेद्दातले त्यांचे 'वकील' यांना नव्या राज्याने नियम आणि दर बांधून दिले. मग तेल आले, आणि जेद्दात निराळ्याच वकिलांचे राज्य सुरू झाले. परदेशी कंपनीला तेथे माल विकावयाचा तर तेथलाच प्रतिनिधी हवा, असा १९६२ चा कायदा. अदनान खशोगी या मक्केत जन्मलेल्या मध्यस्थाला अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीने १९७० ते १९७५ या काळात कमिशन म्हणून १० कोटी ६० लाख डॉलर दिल्याचे अमेरिकन सिनेटच्या चौकशीच्या सुमारास बाहेर आले. ते पैसे पुढे कोणाकोणाच्या हातात गेले याचा पत्ता विकणाऱ्या कंपनीलाच सांगता येईना. १९७५ साली सौदी सरकारने शस्त्रांच्या सौद्यांत दलाली देण्यास बंदी घातली. मांडवीच्या दलालाने निदान गरिबाचे खिसे कापताना विमाने विकली नाहीत!

यात्रेकरूंकडे परत येऊ. १९५९ च्या कायद्याने मुंबईत हज कमिटी नव्याने उभी राहिली. १९८६ साली मोगल लाइन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, आणि १९९५ नंतर मुंबईहून हजची बोटच बंद पडली. आता सारे विमानाने. मांडवीच्या गल्ल्यांतले ते गाठोड्यांचे थवे गेले. आपलीही माणसे त्याआधीच तेथून बहुतेक निघून इकडे आली होती.

पण दलाल गेला नाही. २०२४ च्या जूनमध्ये मक्केत अतोनात उन्हाळा पडला आणि हजच्या दिवसांत १,३०१ यात्रेकरू दगावले, असे सौदी सरकारनेच जाहीर केले. त्यांपैकी ८३ टक्के लोकांकडे हजचा परवाना नव्हता. पुष्कळांना साधा प्रवासाचा व्हिसा काढून देऊन हजच्या नावाने पैसे घेतलेले. परवाना नाही म्हणून थंडगार तंबू नाही, बस नाही, पायी चालत ऊन डोक्यावर घ्यावयाचे. इजिप्तने १६ प्रवासी कंपन्यांचे परवाने रद्द केले, जॉर्डनमध्ये एजंटांना अटक झाली. मेलेल्यांत म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. एकेरी तिकिटाचाच हा नवा अवतार. माल निम्मा द्यावयाचा, किंमत पुरी घ्यावयाची, आणि उरलेला निम्मा देवावर सोडावयाचा.

पुढच्याच वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, हिंदुस्थानच्या यात्रेकरूंवर आणखी एक प्रसंग आला. खाजगी हज ऑपरेटरांच्या वाट्याला ५२ हजारांवर जागा होत्या. सौदीतील तंबू, निवास, वाहतूक यांचे करार त्यांनी मुदतीत पुरे केले नाहीत, असे भारत सरकारने सांगितले, आणि त्या जागा हातच्या गेल्या. सरकारने रदबदली केल्यावर १० हजारांसाठी सौदीने पुन्हा दार उघडले. बाकीच्या सुमारे ४२ हजारांचे त्या वर्षी जाणे राहिले. ऑपरेटर म्हणत, चूक आमची एकट्याची नाही. असेलही. पण सामान बांधून बसलेल्या माणसाला विमानतळापर्यंतही जाता आले नाही. तो 'मुंबईचा हाजी'सुद्धा झाला नाही.

इस्राएलमधल्या मुसलमानांना १९७८ पासून हजला जाता येते. सौदीशी या देशाचे संबंध नाहीत, म्हणून ते जॉर्डनमार्गे, जॉर्डनच्या तात्पुरत्या पासपोर्टावर जातात. लोद आणि रामले येथे आपली कितीतरी कुटुंबे त्यांच्या शेजारी राहतात. हजचा मोसम आला की तिथल्या गल्लीत पहाटे बस उभी राहते. म्हातारी माणसे गळ्यात पिशवी अडकवून हळूहळू चढतात, सुना-मुली डोळे पुसतात, आणि कोणीतरी कर्ता मुलगा बसच्या दाराशी यादी हातात घेतलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत असतो, परतीची बस नक्की कोणत्या दिवशी.